एग्मोरचा लंबक, तंजावरचा मृदंग



चेन्नईचं एग्मोर म्हटलं की आपल्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे १९०८ साली सुरू झालेलं लाल-पांढरं रेल्वे स्टेशन, जिथून तंजावर, मदुराई, रामेश्वरकडे गाड्या सुटतात. दुसरी म्हणजे पँथिऑन रोडवरचं म्युझियम आणि तिथले ब्राँझचे नटराज. फौजेतून निवृत्त झाल्यावर मुलीच्या नोकरीमुळे मी याच भागात राहायला आलो आणि या दोन्ही ठिकाणी भरपूर हिंडलो. पण एग्मोरची तिसरी एक ओळख आहे, जी इथल्या जुन्या रहिवाशांच्याही बोलण्यात येत नाही. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या विल्यम पेट्री या अधिकाऱ्यानं एग्मोरमध्ये पदरचे पैसे घालून वेधशाळा उभी केली. आधुनिक उपकरणांनी सजलेली भारतातली ही पहिली वेधशाळा मानली जाते.

आजचा विषय आहे ऊर्जा, कंपन आणि अनुनाद. निसर्गाच्या शक्तींशी भांडण न करता त्यांच्याबरोबर काम कसं करायचं, हा त्यामागचा खरा प्रश्न. हे शब्द हल्ली फार स्वस्त झाले आहेत. कोणीही उठतो आणि ‘कंपनं जुळवून देतो’ म्हणतो. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्यांनी कंपनांवर खरं काम केलं, त्यांनी आधी कान दिला, मग मोजलं आणि मगच हात लावला. हा क्रम पाळला तिथे मृदंग घडला. तो विसरला तिथे पूल पडले, माणसं बुडाली. इतिहासातली उदाहरणं मी देतो, निवाडा तुम्ही करा.

झोपाळा

अनुनाद म्हणजे काय हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. वाड्यातला झोपाळा आठवा. आजोबा झोपाळ्यावर बसलेत आणि चार वर्षांची नात त्यांना झोका देते आहे. तिच्या हातात ताकद ती किती! पण झोपाळा मागे येऊन वळला की त्याच क्षणी ती हलकेच ढकलते. दहा-पंधरा वेळा असं झालं की आजोबा पाय उचलून बसतात. आता तिच्या जागी एखादा पैलवान आणा आणि त्याला मनाला येईल तेव्हा धक्के द्यायला सांगा. झोपाळा नुसता हिसके खाईल.

प्रत्येक वस्तूला हलण्याची स्वतःची एक गती असते. सेकंदाला किती वेळा, याला आपण वारंवारता म्हणतो. त्याच गतीनं बाहेरून धक्के आले की प्रत्येक धक्क्याची ऊर्जा आधीच्या ऊर्जेत जमा होत जाते. हाच अनुनाद. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : अनुनाद नवीन ऊर्जा तयार करत नाही. नातीनं जेवढी दिली तेवढीच झोपाळ्यात आहे, फक्त ती वाया गेली नाही.

एग्मोरचं घड्याळ

पेट्रीच्या वेधशाळेत दुर्बिणी होत्या, तशीच शेल्टन या लंडनच्या कारागिरानं बनवलेली लंबकाची घड्याळंही होती. दुर्बिणीपेक्षा मला या घड्याळांचं अप्रूप जास्त. लंबक हासुद्धा झोपाळाच, पण मोजून बांधलेला. त्याची गती ठरते त्याच्या लांबीवर आणि पृथ्वीच्या ओढीवर. गोळा जड आहे की हलका, यानं फरक पडत नाही. घड्याळाचं यंत्र दर झोक्याला त्याला अगदी बारीकसा टेकू देतं, आपल्या त्या नातीसारखा.

पुढे कंपनीनं ही वेधशाळा ताब्यात घेतली आणि १७९२ साली मायकेल टॉपिंग यांच्या आराखड्यानुसार जवळच नुंगमबाक्कममध्ये नवी इमारत उभी राहिली. दुर्बिणीला हादरा बसू नये म्हणून तिथे ग्रॅनाइटचा एक भक्कम खांब रोवला होता. तो खांब हवामान खात्याच्या आवारात आजही उभा आहे. खगोलशास्त्राचं काम १८९९ साली कोडाईकनालला हललं आणि शेल्टनचं घड्याळही तिकडेच गेलं.

याचा आपल्याशी काय संबंध, असं पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटेल. संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभरची रेल्वे मद्रास टाइमवर चालायची. मुंबई शहराचं घड्याळ त्याच्या अर्धा तास मागे. म्हणजे मुंबईकर घरातून शहराच्या वेळेनं निघायचा आणि गाडी सुटायची मद्रासच्या वेळेनं. १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली, तोवर ठाण्या-कल्याणच्या गाड्यांचं वेळापत्रक मद्रासच्या वेधशाळेतल्या लंबकावर टांगलेलं होतं.

तोफा आणि सेकंद

टॉपिंगनंतर वेधशाळेची सूत्रं जॉन गोल्डिंगहॅम यांच्याकडे आली. या माणसाचा एक प्रयोग माझ्यासारख्या तोफखान्यातल्या माणसाला फार जवळचा वाटतो. मद्रासमध्ये फोर्ट सेंट जॉर्जवरून आणि सेंट थॉमस माउंटवरून, ज्याला तमिळ लोक परंगीमलै म्हणतात, रोज सकाळ-संध्याकाळ तोफ उडायची. वेधशाळेपासून किल्ला सुमारे सव्वाचार किलोमीटर आणि माउंट सुमारे नऊ किलोमीटर. १८२० आणि १८२१ या दोन वर्षांत गोल्डिंगहॅम यांनी एकच गोष्ट चिकाटीनं केली. तोफेचा लखलखाट दिसला की सेकंद मोजायला सुरुवात करायची आणि आवाज कानावर आला की थांबायचं. सोबत तापमान, हवेतला ओलावा, हवेचा दाब आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवायची.

माउंटचा आवाज यायला साधारण २६ सेकंद लागतात, किल्ल्याचा यायला १२. पण रोज अगदी तेवढेच नाहीत, आणि गंमत तिथेच आहे. थंडीच्या दिवसांत आवाज जरा रेंगाळतो, उन्हाळ्यात लवकर पोहोचतो. वारा मागून असला तर घाई करतो, समोरून असला तर अडखळतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, हे मद्रासच्या रोजच्या तोफांनी सेकंदांत दाखवून दिलं. हा निबंध १८२३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

मी स्वतः १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पदवी हातात घेऊन, त्याच परंगीमलैच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झालो होतो. आज तिला ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी म्हणतात. पुढे तोफखान्यात उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं : लखलखाट ते आवाज, तीन सेकंदांना एक किलोमीटर. डोंगरात दुश्मनाची तोफ किती लांब आहे याचा पहिला अंदाज असाच बांधतात. गोल्डिंगहॅम यांचं नाव मात्र मी फार उशिरा, एग्मोरच्या कॉनेमारा लायब्ररीत वाचलं.

१८२१ साली याच गृहस्थांनी आणखी एक मोजमाप केलं. मद्रासमध्ये बरोबर एका सेकंदाला एक हेलकावा घेणाऱ्या लंबकाची लांबी किती? त्यासाठी वापरलेलं उपकरण हेन्री केटर यांच्या पद्धतीचं होतं. केटर मुळात फौजी. तरुणपणी हिंदुस्थानात असताना त्यांनी विल्यम लॅम्ब्टन यांच्या हाताखाली काम केलं होतं. हेच ते लॅम्ब्टन, ज्यांनी १८०२ साली परंगीमलैच्या पायथ्याशी साखळीनं जमीन मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात केली आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला देह ठेवला. त्यांची कबर तिथे आहे. विदर्भातल्या श्रोत्यांनी कधी त्या बाजूला गेलात तर जरूर पाहा.

मद्रासचा सेकंदाचा लंबक लंडनच्या लंबकापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर आखूड भरतो. विषुववृत्ताजवळ पृथ्वीची ओढ किंचित कमी आहे, म्हणून. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण लंडनला बिनचूक चालणारं लंबकाचं घड्याळ तसंच्या तसं आणून इथे टांगलं, तर ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडेल. निसर्गाची शक्ती जागोजागी थोडी थोडी बदलते आणि ती विचारून घ्यावी लागते, हे एवढ्या एका आकड्यात कळतं.

ऐकायचं काय आणि सोडायचं काय

आता थोडं युरोपात जाऊ या, कारण गोल्डिंगहॅम यांची तोफ तिथे शंभर वर्षांनी पुन्हा वाजली. पहिल्या महायुद्धात दुश्मनाच्या लपलेल्या तोफा शोधायच्या होत्या. १९१५ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले लॉरेन्स ब्रॅग तेव्हा ब्रिटिश फौजेत होते आणि हेच काम त्यांच्याकडे होतं. कल्पना सोपी. वेगवेगळ्या जागी मायक्रोफोन ठेवायचे, तोफेचा आवाज कुठे आधी पोहोचला, कुठे नंतर, यावरून जागा काढायची. अडचण अशी की रणांगणावर रायफली, माणसं, गाड्या, वारा या सगळ्यांचा एकच गलका. साधा मायक्रोफोन सगळंच ऐकायचा.

विल्यम टकर या त्यांच्या सहकाऱ्यानं तोड काढली. तोफेचा आवाज खोल, संथ असतो, जवळजवळ छातीला जाणवणारा. रायफलीचा कडकडाट तीव्र. टकरनं एका भांड्याच्या तोंडाशी तापवलेली बारीक तार बसवली. भांडं असं निवडलं की आतली हवा फक्त त्या संथ गतीलाच डोलेल. तोफ वाजली की हवा आत-बाहेर होते, तार थंड पडते आणि नोंद होते. रायफलीला ते भांडं दादच देत नाही. आपल्या तोफखान्यातल्या साटा रेजिमेंटची मंडळी ध्वनीवरून तोफा हुडकायची ही विद्या शिकतात. गलक्यातून आपल्याला हवा तो एकच आवाज उचलणं, हाही अनुनादाचाच उपयोग.

पाऊल मोडा

फौजेत पहिल्या दिवसापासून एकत्र पाऊल टाकायला शिकवतात. शंभर माणसांचा एक ठेका. मग पूल आला की हुकूम होतो, पाऊल मोडून चाला. नव्या जवानाला हे अजब वाटतं. त्यामागे दोन जुन्या तारखा आहेत.

१२ एप्रिल १८३१. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटनच्या झुलत्या पुलावरून ७४ रायफलधारी जवान चालले होते. पूल पावलांबरोबर डोलायला लागला. पोरांना मजा वाटली, त्यांनी ठेका आणखी पक्का केला. एक बोल्ट तुटला, पुलाचं एक टोक खाली आलं आणि चाळीसेक जवान नदीत पडले. पाणी उथळ होतं म्हणून कोणी मेलं नाही. चौकशीत बोल्टही कच्चा निघाला, हेही सांगितलं पाहिजे. त्यानंतर ब्रिटिश फौजेत पुलावर पाऊल मोडण्याचा हुकूम रूढ झाला.

१६ एप्रिल १८५०. फ्रान्समधल्या आंजे गावचा झुलता पूल. वादळी वारा, पूल आधीच हलत होता. तोल सांभाळायला जवान आपोआप पुलाच्या हलण्याबरोबर पाय टाकू लागले. गंजलेले दोर तुटले. दोनशेहून अधिक जवान गेले.

ही नकळत जुळण्याची गोष्ट जुनी समजू नका. जून २००० मध्ये लंडनला थेम्स नदीवर पादचाऱ्यांसाठी मिलेनियम ब्रिज खुला झाला. तिथे ना परेड होती ना बँड. पूल आडवा किंचित सरकायचा, लोक तोल सावरायला पाय फाकवून त्याच्या तालावर टाकायचे आणि पूल आणखी सरकायचा. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. हेलकावे शोषून घेणारी यंत्रणा बसवून २००२ साली पुन्हा उघडला.

अमेरिकेतल्या टॅकोमा पुलाची फिल्म तुम्ही पाहिली असेल. १९४० साली तो पूल कापडासारखा पिळवटून पडला. त्यालाही सर्रास अनुनादाचं उदाहरण म्हणतात, पण गोष्ट थोडी वेगळी आहे. वारा ठेक्यात वाहत नव्हता, एकसारखा वाहत होता. पुलाचा आकारच असा होता की पिळवटताना तो त्या एकसारख्या वाऱ्यातून स्वतःच ऊर्जा ओढून घेत होता. हा बारकावा मी मुद्दाम सांगतो. जिथे तिथे अनुनादाची पाटी लावली की समजल्याचं समाधान मिळतं, उलगडा मात्र होत नाही.

तंजावरचा मृदंग

एवढा वेळ विध्वंस झाला. आता एग्मोरहून रात्रीची उळवन एक्सप्रेस पकडा, सकाळी तंजावरात उतराल. १६७६ पासून १८५५ पर्यंत हे मराठ्यांचं राज्य. सरस्वती महाल ग्रंथालय, सरफोजी राजे यांच्याविषयी आपण पूर्वीच्या भागांत बोललो आहोत. आज फक्त एका वाद्याबद्दल.

तंजावरात मराठी कीर्तन रुजलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्यासारखे कीर्तनकार तिथे गेले, त्यांच्या ढंगावर तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथा घडवली आणि साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ कथेत मुरले. कीर्तनाला साथीला मृदंग हवा. त्या काळचं मोठं नाव म्हणजे तंजावर नारायणस्वामी अप्पा, मराठी घराण्यातले मृदंगवादक. दक्षिणेत आज जो मृदंगम वाजतो त्याच्या जडणघडणीत या तंजावरी मराठी मंडळींचा वाटा आहे.

आता वाद्याकडे बघा. फणसाच्या लाकडाचं खोड, दोन्हीकडे चामडं. उजव्या तोंडावर मधोमध काळं वर्तुळ. तबल्यावर आपण त्याला शाई म्हणतो. भाताची खळ आणि लोहयुक्त दगडाची काळी पूड मळून, पातळ थर द्यायचा, दगडानं घासायचा, वाळवायचा, पुन्हा थर. असे कित्येक थर. डाव्या तोंडाला मैफिलीच्या आधी भिजवलेला रवा लावायचा आणि नंतर खरवडून काढायचा. आपले वारकरी मृदंगाला कणीक लावतात तसंच.

हे सगळं कशासाठी? साधं चामडं ताणून त्यावर थाप मारली तर धप्प आवाज येतो, सूर लागत नाही. कारण चामडं एकाच वेळी अनेक गतींनी हलतं आणि त्या गतींचं एकमेकींशी जमत नाही. पहिली गती १ धरली तर पुढच्या १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या येतात. तारेचं तसं नसतं. तिच्या गती १, २, ३, ४ अशा ओळीत असतात, म्हणून तार गाते.

ही गाठ सोडवली सर सी. व्ही. रामन यांनी. रामन यांचं शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात झालं, १९०७ साली ते इथून एम. ए. झाले. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर टिपण लिहिलं आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध. चामड्यावर बारीक वाळू भुरभुरवून ते थाप देत. जिथे चामडं हलत नाही तिथे वाळू गोळा होते आणि आकृती दिसते. त्यातून कळलं की शाईच्या वजनामुळे चामड्याच्या पहिल्या नऊ गती अशा सरकतात की त्या पाच सुरांत बसतात, आणि ते पाच सूर १, २, ३, ४, ५ या ओळीत असतात. चामडं तारेसारखं गाऊ लागतं.

विचार करा मंडळी. या कारागिरांनी चामड्यावर जबरदस्ती केली नाही. ऊर्जा तर वाढवलीच नाही, वजन ठेवून उलट चामड्याला थोडं आवरलं. किती वजन, कुठे, किती पातळ, याचं उत्तर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या थाप मारून, ऐकून, घासून काढलं. रामन यांनी ते मोजून जगाला सांगितलं. मृदंगम बनवणारी ही घराणी बहुतेक दलित ख्रिस्ती समाजातली. वादकांची नावं फलकावर झळकली, यांची नाही. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या पुस्तकात त्यांचा इतिहास लिहिला, तोवर माझ्यासारख्या श्रोत्याला त्यांतलं एकही नाव ठाऊक नव्हतं.

आपल्या मिरजेचीही हीच कथा. तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळले, फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, घोडीवर जवारी काढायची, तारेखाली सुती दोरा सरकवायचा. दोरा केसभर हलला की तंबोरा बोलतो किंवा मुका होतो. तंबोऱ्याच्या तारेवरही रामन यांनी संशोधन केलं आहे. शस्त्राला धार लावणारा हात सुराला धार लावू शकतो, हे मला फौजी म्हणून फार आवडतं.

सुभेदारसाहेबांचा फोन

मागच्या वर्षी माझ्या जुन्या युनिटमधल्या एका सुभेदारसाहेबांचा कराडजवळच्या गावाहून फोन आला. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी व्यायाम आणि गोळ्या दिल्या होत्या. मध्येच कोणीतरी घरी येऊन २२ हजारांना तांब्याची एक चकती विकून गेलं. पृथ्वीच्या कंपनांशी शरीराचा अनुनाद जुळतो म्हणे. यांनी गोळ्या आणि व्यायाम दोन्ही बंद केले.

“साहेब, तुम्ही शिकलेले. हे खरं का हो?”

“सुभेदारसाहेब, तुम्ही रेंज न मोजता कधी तोफ डागली का?”

“नाही साहेब.”

“मग त्या माणसाला काय मोजलं ते विचारलंत का?”

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. व्यायाम त्यांनी पुन्हा सुरू केला, पैसे गेले ते गेले.

विकणारा माणूस पृथ्वीच्या कंपनांचं जे नाव घेतो, ते पूर्ण खोटं नसतं. जमीन आणि वरचा विद्युतभारित वातावरणाचा थर यांच्या मधल्या पोकळीत विजांमुळे विद्युतचुंबकीय लहरी घुमतात, सेकंदाला साधारण ७.८ वेळा. विनफ्रीड शुमान या जर्मन शास्त्रज्ञानं १९५२ साली हे गणितानं सांगितलं आणि पुढे ते मोजलंही गेलं. पण त्या लहरी इतक्या क्षीण असतात की पकडायला अतिसंवेदनशील उपकरणं लागतात. त्यांचा आणि गुडघ्याचा मेळ तांब्याच्या चकतीनं घालता येत नाही. खऱ्या शब्दाला खोटी वस्तू चिकटवून विकायची, हा धंदा आहे.

याच्या उलट उदाहरण हंपीचं. तिथल्या विजयविठ्ठल मंदिरातले दगडी खांब बोटानं ठोकले की सूर निघतो. खांब पोकळ आहेत, आत काही गूढ भरलं आहे, अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. चेन्नईच्या दक्षिणेला कल्पाक्कम येथे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी खांबाला इजा न करता ध्वनिलहरींनी तपासणी केली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खांब भरीव आहेत. ते वाकण्याच्या गतीनं थरथरतात आणि सूर निघतो. शिल्पकारानं दगडाची जाडी आणि लांबी अचूक साधली, एवढंच. मला तर हे गूढ कथेपेक्षा मोठं वाटतं, कारण यात माणसाचा हात दिसतो.

म्हणून कोणी तुम्हाला कंपन आणि ऊर्जेच्या गोष्टी सांगू लागला तर तीन प्रश्न विचारा. नेमकं काय हलतंय? सेकंदाला किती वेळा? हे कोणी आणि कशानं मोजलं? मृदंगाला तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. हंपीच्या खांबाला आहेत. चकतीला एकाचंही नाही.

पांबनचा लाल सिग्नल

शेवटची गोष्ट एग्मोरहून रामेश्वरला जाणाऱ्या गाडीची. पूर्वी बोट मेल एग्मोरहून धनुष्कोडीला जायची आणि तिथून बोटीनं सिलोन. वाटेत समुद्रावर पांबनचा पूल, १९१४ साली सुरू झालेला. त्याच्या मधल्या भागात जहाजं जाऊ देण्यासाठी दोन पाती वर उचलली जात, आणि ती उचलायला माणसांचे हात पुरत. कारण मागे तेवढंच वजन तोलून ठेवलेलं होतं. गुरुत्वाकर्षणाला गुरुत्वाकर्षणानंच तोलायचं, हा शेर्झर नावाच्या अमेरिकन अभियंत्याचा आराखडा.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी शंभराहून अधिक माणसांसह समुद्रानं ओढून नेली. पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले, मधला उचलता पूल मात्र टिकला. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्यानं ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा केला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट पुढे घडली. पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसलं आणि ते सिग्नलला जोडलं गेलं. वारा ताशी ५८ किलोमीटरवर गेला की सिग्नल लाल. ड्रायव्हर कितीही कसलेला असो, गाडीत मंत्री बसलेले असोत, गाडी थांबणार.

६ एप्रिल २०२५ रोजी तिथे नवा पूल सुरू झाला. वारा मात्र जुनाच आहे. काही शक्ती आपल्या तालात घेता येतात, चामड्यासारख्या. काहींचा ताल आपण मोडायचा असतो, पुलावरच्या पावलांसारखा. आणि काही शक्तींपुढे गाडी उभी करून वाट पाहायची असते. यातली कुठली वेळ आली आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. निसर्गाशी जुळवून घेणं म्हणतात ते मला तरी एवढंच समजलं आहे.

पुढच्या भागात हिंगणघाटची लॅम्ब्टन यांची कबर आणि भारताचा नकाशा. तोवर नमस्कार. जय हिंद.